डावी चाकं मातीत

समोरून काहीही येताना दिसलं, की सर गाडी हळू करायचे, डावीकडची दोन चाकं डांबरावरून खाली मातीत उतरवायचे आणि स्टिअरिंगवरचा उजवा हात उचलून समोरच्याला दाखवायचे. 'काहीही' हा शब्द मी विचार करून वापरलाय. उसाचा ट्रॅक्टर, कापसाचा टेम्पो, एसटी हे तर आलंच. पण मोटारसायकल, सायकल आणि एकदा तर नुसती म्हैस.

"जाऊ द्या. भरलेला हाय," असं ते म्हणायचे.

"सर, सायकलवाला कुठं भरलेला असतो?" मागच्या सीटवरून गणिताच्या मॅडम विचारायच्या.

"डबलसीट हाय की."

"आणि म्हैस?"

सर क्षणभर आरशात बघायचे. "गाभण दिसायलीय, मॅडम."

सर आमच्या शाळेत चित्रकला शिकवायचे. शाळा बोरीच्या पुढं, आतल्या एका गावात. आम्ही चौघं परभणीत राहणारे: सर, गणिताच्या मॅडम, खेळाचे शिक्षक आणि मी. मी इतिहास शिकवतो, म्हणजे बाकीचे बोलत असताना मधेमधे दुरुस्त्या करतो. सरांची छोटी, उंच गाडी होती. एसयूव्ही म्हणतात तसली, पण त्या जातीतली अगदी धाकटी. रोज सकाळी ते आम्हाला घरून उचलायचे आणि संध्याकाळी सोडायचे. बोरीपर्यंत रस्ता बरा. तिथून आत वळलं की एकेरी डांबर आणि दोन्ही बाजूंना काळ्या मातीची साइडपट्टी. समोरासमोर दोन गाड्या आल्या की कुणीतरी खाली उतरायलाच पाहिजे. कुणी उतरायचं यावरून त्या रस्त्यावर शिवीगाळ झालेली आहे, गचांड्या धरल्या गेलेल्या आहेत. सर हा प्रश्न उपस्थित व्हायच्या आतच उतरलेले असायचे.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. लग्नाच्या पंगतीत दुसऱ्याला जागा देता देता स्वतः शेवटच्या पंगतीला बसणारी. त्यांचं कौतुक वाटतं, पण त्यांच्याबरोबर आपल्यालाही शेवटच्या पंगतीला बसावं लागतं, हे कुणी सांगत नाही. सरांच्या गाडीत बसलं की आमच्या चौघांची डावी बाजू कायम खड्ड्यात असायची. खेळाचे शिक्षक म्हणायचे, "सर, माझं डावं ढुंगण उजव्यापेक्षा झिजायलंय हो."

गाडीत सर बोलायचे. शाळेत फारसे नाही, पण गाडीत बोलायचे. पळसाचा लाल आणि पांगाऱ्याचा लाल यांत फरक काय, वरणाला लसूण आधी की जिरं आधी, त्यांच्या सासऱ्यांनी घोडा कसा विकला. विषय अर्धा राहिला असेल तर गावाच्या अलीकडं गाडी इतकी हळू व्हायची, की शाळेत जाणारी पोरं पायी आम्हाला मागं टाकायची. त्यांची बायको जाऊन तेव्हा दोनेक वर्षं झाली होती. मुलगी पुण्याला. हे आम्हाला माहीत होतं, पण त्या बोलण्याशी त्याचा काही संबंध असेल, हे निदान माझ्या तरी डोक्यात आलं नव्हतं.

मग सोयाबीन निघायच्या दिवसांत एकदा पाऊस झाला. सकाळी समोरून सोयाबीनची पोती भरलेला ट्रॅक्टर आला. सर नेहमीसारखे खाली उतरले, हात वर केला आणि तो हात वर असतानाच गाडी अंगाला साबण लावल्यासारखी शांतपणे घसरत जाऊन नालीत आडवी बसली. कुणाला लागलं नाही. पण मॅडमच्या अंगावर खेळाचे शिक्षक आणि खेळाच्या शिक्षकांवर आमचे सगळ्यांचे डबे, असा प्रकार झाला.

ट्रॅक्टरवाल्यानं दोर लावून गाडी ओढून काढली. दोर सोडता सोडता तो म्हणाला, "सर, तुमी कशाला उतरता खाली? आमी उतरतो की. आमचे चाकं केवढाले हायत."

"तू भरून आलायस बाबा," सर म्हणाले. "भरलेल्यानं उतरू न्हाई."

"अन् तुमच्या गाडीत काय कडबा हाय का? माणसंच हायत न्हवं?"

यावर सर वळून आमच्याकडं बघायला लागले. गाडी भरलेली आहे हे त्यांच्या तेव्हाच लक्षात आलं असावं, असं मला वाटलं.

त्यानंतर मॅडम एसटीनं यायला लागल्या. "घरचे म्हणायलेत, सर. टायर बघा एकदा, गुळगुळीत झालेत." खेळाचे शिक्षक मोटारसायकलवर. मी राहिलो. त्यात माझा काही मोठेपणा नाही. मोटारसायकलवर माझी पाठ धरते आणि एसटीत मला ढवळतं. मागच्या रिकाम्या सीटवर सर स्वतःची पिशवी ठेवायला लागले. आता तर ते चिमणीलाही रस्ता देतील असं मला वाटायला लागलं. मी काही म्हणालो तर म्हणायचे, "आता काय, आपण रिकामेच हावोत."

आणि टायरांचा तो घोळ सुरू झाला.

टायर घ्यायचे तर कुठले? साधे, की मातीतही चालतात म्हणतात ते ऑल-टेरेन? सरांनी मोबाइलवर बघून सगळ्या टायरांची नक्षी शिक्षकांच्या खोलीतल्या फळ्यावर रंगीत खडूंनी काढली. तीन प्रकार शेजारी शेजारी. मुख्याध्यापक आले, त्यांना ती स्नेहसंमेलनाची रांगोळी वाटली, आणि त्यांनी मधली पसंत केली. सरांनी ते मत मनावर घेतलं. शिपायाला विचारलं, चहावाल्याला विचारलं, एसटीच्या ड्रायव्हरला थांबवून विचारलं. प्रत्येकानं ठामपणे सांगितलं आणि प्रत्येकानं वेगळं सांगितलं. सर रोज सकाळी नवं मत घेऊन यायचे आणि संध्याकाळपर्यंत ते बदललेलं असायचं. मीही गोंधळलो. मला टायरातलं इतकंच कळतं की ते गोल असतात, पण मलाही रात्री झोपताना नक्ष्या दिसायला लागल्या.

एका रविवारी आम्ही परभणीतल्या टायरच्या दुकानात गेलो. दुकानदार म्हणाला, "पहिलं सांगा, रोजच्या जाण्यायेण्यात डांबर किती अन् माती किती?"

"निम्मं निम्मं," सर म्हणाले.

मला राहवलं नाही. "अहो सर, रस्ता पूर्ण डांबरी आहे."

"रस्ता हाय हो. आपण कुठं पूर्ण त्याच्यावर असतो? डावे दोन चाकं मातीत, उजवे दोन डांबरावर. झालं की निम्मं." आणि मग दुकानदाराकडं वळून अतिशय गंभीरपणे, "मंग डाव्या अंगाला दोनच ऑल-टेरेन टाकले तर?"

दुकानदारानं हातातला चहा खाली ठेवला. "सर, एका पायात बूट अन् एका पायात चप्पल घालून माणूस चालतो का?"

सरांनी विचार केला. "चालला, तर बूट मातीकडून ठेवील."

दुकानदार भला माणूस. त्यानं समजावून सांगितलं, की असं केलं तर ब्रेक लावल्यावर गाडी एकीकडं ओढेल, टाकायचे तर चारी टाका. आणि जाता जाता एक खरी गोष्टही सांगून टाकली. "फक्त आवाज येतो ह्यांचा. डांबरावर घूंऽऽ असा. वेग वाढला की वाढतो. अॅव्हरेजही जरासं कमी होतं, पण त्याची फिकीर करू नका."

अॅव्हरेजची फिकीर सरांनी केलीच नाही. त्यांचं तोंड उतरलं ते आवाजावर. "किती आवाज?" त्यांनी दोनदा विचारलं. शेवटी दुकानदारानं स्वतःच्या गाडीत बसवलं, तिला तसले टायर होते, आणि गावाबाहेर एक फेरी मारून आणली. सर मुद्दाम मागं बसले. मला पुढं बसवलं आणि म्हणाले, "आता काहीतरी बोला." एरवी मी इतिहासाचा माणूस, पण त्या वेळी मला काही सुचेना. मी पाढे म्हटले. मागं बघतो तर सर पुढं वाकून, कानाला हात लावून बसलेले.

परत येताना स्वतःच्या गाडीत सरांनी आधी सगळ्या काचा वर केल्या. मग म्हणाले, "टायर न्हाई बदलले तर गाडीत माणसं येत न्हाईत. बदलले तर माणसं येतील, अन् बोललेलं ऐकू येणार न्हाई. सांगा, काय करू?"

"सर, एवढं काय त्यात..."

"घरी गेलो की कुलूप असतंय हो. सकाळपर्यंत तोंड उघडायचं काम न्हाई, दात घासायला उघडतो तेवढं. माझं दिवसाचं बोलणं म्हणजे जे काय हाय ते गाडीतच."

यावर मी आपला शहाणपणा केला. म्हटलं, "सर, दोन्ही सोडा. साधे नवे टायर टाका आणि खाली उतरणं बंद करा. डांबरावर राहिलात तर गाडी घसरायचा प्रश्नच नाही."

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी गाडी नदीतून न्यायला सांगतोय. "अन् समोरचा?" ते म्हणाले.

आणि समोरून येणाऱ्या रिकाम्या रिक्षासाठी त्यांनी गाडी बाजूला घेतली.

दिवाळीच्या सुट्टीनंतर गाडीला चार नवे ऑल-टेरेन टायर लागले. मधल्या नक्षीचे, म्हणजे मुख्याध्यापकांचं मत शेवटी चाललं. सरांनी ते मॅडमना आणि खेळाच्या शिक्षकांना फाटकापाशी नेऊन दाखवले, साखरपुड्यात मुलीकडचे दागिने दाखवतात तसे. दोघंही परत आले. आणि आवाज! बोरीपर्यंत आम्ही चौघं ओरडून बोलायचो. पांगाऱ्याच्या लालबद्दल ओरडायचो, जिऱ्याबद्दल ओरडायचो. शाळेत उतरल्यावरही घसा त्याच सुरात असायचा. मॅडमनी एकदा वर्गात हजेरी घेतली तर शेजारच्या वर्गातली पोरं उभी राहिली.

माघात अवकाळी पाऊस पडला. समोरून तोच ट्रॅक्टर, या वेळी ऊस. सर खाली उतरले. नव्या टायरांच्या त्या सुंदर नक्षीत काळी माती अशी काही भरली, की डाव्या चाकांचे गुळगुळीत लाडू झाले, आणि गाडी पुन्हा त्याच शांतपणे घसरत ज्वारीच्या रानात जाऊन थांबली.

ट्रॅक्टरवाला दोर घेऊनच आला. "सर, काळ्या रानात नवं काय अन् जुनं काय. माती भरली की समदे टायर सारखेच. म्या मागंच म्हनलो, आमी उतरतो म्हून."

सर गाडीबाहेर उभे होते. त्यांचा चेहरा मला आजही आठवतो. ते टायरांकडं बघत नव्हते, मॅडमकडं बघत होते. बदलायचं ते सगळं बदलून झालं होतं. आता मॅडमना गाडीत टिकवायला त्यांच्याकडं काही उरलं नव्हतं.

मॅडमनी साडी खोचली. पर्समधून फळ्यावर रेघा मारायची स्टीलची पट्टी काढली, चिखलात उकिडव्या बसल्या आणि टायरच्या खाचांतली माती उकरायला लागल्या. उकरता उकरता वर न बघताच म्हणाल्या, "सर, उद्या जरा लवकर निघू. हे असं धरून चालावं लागेल."

सर रानात जाऊन तोंड फिरवून उभे राहिले. बराच वेळ ज्वारी बघत होते. मग परत येऊन म्हणाले, "कणसं चांगली भरलीत यंदा."

मग ते टायर घेऊन नक्की काय झालं, असं तुम्ही विचाराल. घसरायचं थांबलं नाही, बोलणं अवघड झालं, आणि माणसं आली, पण ती टिकली ते काही टायरांमुळं नाही. मी पुष्कळदा हिशेब मांडून बघितला, माझा काही मेळ बसत नाही.

पुढं सर निवृत्त झाले आणि मुलीनं त्यांना पुण्याला नेलं. गाडी ते मला देऊन गेले. मॅडमची बदली पूर्णेकडं झाली, खेळाच्या शिक्षकांनी स्वतःची गाडी घेतली. रस्ता तोच, टायर तेच, गाडीत मी एकटा. सरांचा अधूनमधून फोन येतो.

"कसं काय पुणं, सर?" मी विचारतो.

"लय गर्दी. पण साइडपट्टीच न्हाई हो इथं. एखाद्याला जागा द्यावं म्हटलं तर उतरावं कुठं?" आणि लगेच, "गाडीत कोण कोण असतंय आता?"

"मी एकटाच, सर."

"मंग तुमीच उतरत जा खाली," ते म्हणतात. "रिकाम्यानं उतरावं."

मी उतरणाऱ्यातला नाही. पण परवा आत वळल्यावर समोरून उसानं गच्च भरलेला ट्रॅक्टर येताना दिसला, आणि मला सर आठवले. मी गाडी हळू केली आणि डावी चाकं खाली घातली. तेवढ्यात बघतो, तर तो ट्रॅक्टरही त्याच्या बाजूनं खाली उतरायला लागलेला. ट्रॉली झुकली, दोन-तीन ऊस गळून मातीत पडले, तरी तो उतरलाच. आमच्या गाडीचा तो घूंऽऽ आवाज त्या रस्त्याला पाठ झालाय. लांबून ऐकला की ट्रॅक्टरवाल्यांना वाटतं, सर आले.

ट्रॅक्टरवाल्यानं हात वर केला. सर आता इथं नाहीत, हे त्याला ओरडून सांगावं की काय, मला कळेना. मग मीही हात वर केला. तो त्याच्या मातीतून गेला, मी माझ्या मातीतून, आणि मधलं डांबर सगळं रिकामं राहिलं.