बाजूचे चार फूट

खोली पाडायची म्हणजे ह्यांना पुन्हा वर न्यायचं, एवढंच मला त्या नोटिशीतून कळलं. दोन हजार साल उलटून गेलं होतं, आणि ह्यांच्या डाव्या अंगावरून वारं गेल्याला वर्ष होत आलं होतं. गंगापूर रोडच्या आमच्या घरात झोपायच्या खोल्या वरच्या मजल्यावर. जिना अरुंद. दोघांनी धरून वर नेलेला माणूस महिनामहिना खाली उतरायचा नाही. म्हणून रीतसर नकाशा मंजूर करून घराच्या बाजूला बाथरूमसह एक खोली काढली. हे दारात खुर्ची टाकून पेपर वाचायला लागले. आणि महापालिकेची नोटीस आली: बाजूची मोकळी जागा नियमापेक्षा चार फूट कमी, बांधकाम काढून घ्या.

मी गवंड्याला बोलावून असा फैलावर घेतला की बिचारा चहाही न पिता गेला. नकाशाबाहेर इंचभर गेलो नाही, असं तो शपथेवर सांगत होता. मला पटलं नाही. ह्यांना मी फक्त खोलीला हरकत आलीय एवढंच सांगितलं. तर म्हणाले, पाडून टाक, वर हवा छान येते. इतक्या शांतपणे म्हणाले की मला रागच आला. घाम मी गाळला आणि ह्यांना हवेचं कौतुक!

पाहणीला साहेब आले. खोलीपासून कंपाउंडच्या भिंतीपर्यंत टेप लावली. चार फूट कमीच. मी हात जोडणार, तेवढ्यात खिडकीतून ह्यांचा आवाज आला.

"तिथून नका मोजू. आपली हद्द उंबराच्या पलीकडे आहे."

उंबर भिंतीबाहेर, रिकाम्या प्लॉटच्या बाजूला. तो आपला आहे हे मला बारा वर्षांत माहीत नव्हतं. मी बाळंतपणाला सटाण्याला माहेरी होते तेव्हा ह्यांनी कंपाउंड घातलं. भिंतीच्या रेषेत उंबर येत होता. उंबराला कुऱ्हाड लावायला कोणी तयार होईना, ह्यांनाही धीर होईना. मग भिंतच चार फूट आत घेतली.

"मला सांगायचं नाही का?" मी साहेबांसमोरच विचारलं.

"तू घर डोक्यावर घेतलं असतंस," हे म्हणाले. घेतलंच असतं.

उंबरापलीकडचा पाचोळा बाजूला केला तर हद्दीचा दगड मातीत रुतलेला सापडला. साहेबांनी पुन्हा टेप लावली, नकाशाशी ताडून पाहिलं आणि बांधकाम नियमात असल्याचं जागेवरच लिहून दिलं. माझा जीव भांड्यात पडला. गवंड्याची माफी मागायची राहिली होती, पण त्या क्षणी मला फक्त हसू येत होतं आणि डोळे वाहत होते.

साहेबांना फाटकापर्यंत सोडून मी आत आले. ह्यांनी उजव्या हाताने पलंगाची कड घट्ट धरून ठेवली होती.

"मग आता वर नाही ना नेणार मला?" त्यांनी विचारलं.