खालून धरलेला दोर

आधीच सांगते, माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही. मी डहाणूला शाळेत विज्ञान शिकवते. अमावस्येला कोपऱ्यावर लिंबू-मिरच्या टाकणाऱ्या शेजारणीला प्रश्न विचारून विचारून मी नकोसं करून सोडलंय. त्यामुळे हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय... पण घरात बोलायची सोय नाही, म्हणून इथे.

आम्ही मासेमारीवाले. बाबांची स्वतःची बोट होती. भाऊ नितीनला बोट लागायची, म्हणून बाबांबरोबर मीच जायचे. बोटीच्या पंख्यात जाळं अडकलं की बाबा कमरेला दोर बांधून पाण्याखाली उतरायचे आणि दुसरं टोक माझ्या हातात. खालून दोन झटके, जरा थांबून एक लांब ओढ — म्हणजे 'मी ठीक आहे, धरून राहा.' ही खूण आमच्या दोघांचीच. नितीनला आजही माहीत नाही. बाबा आजारपणात गेले, त्याला बरीच वर्षं झाली. नितीनच्या स्वप्नात येऊन ते चहा मागून गेले म्हणे. माझ्या स्वप्नात एकदाही नाहीत.

नितीनची बायको स्नेहल बोईसरची. बाबांना तिने फक्त भिंतीवरच्या फोटोत पाहिलंय. गेल्या हिवाळ्यात मी गुहेत दोरावरून उतरायचा नवशिक्यांचा कोर्स लावला, तर ही म्हणाली, "ताई, मी पण येऊ?" नाही कसं म्हणणार?

चिखल्याला एका वाडीत जुन्या आंब्याला दोर टांगून सराव चालायचा. मला वाटलं होतं, इथे तरी आपला हात कोण धरणार! गाठी मला लहानपणापासून येतात. पण दोराला डिसेंडर, म्हणजे वेग आवरणारं साधन, लावून उतरायचं म्हणजे सगळा ब्रेक खालच्या उजव्या हातात, आणि मला सवय दोर दिसला की दोन्ही हातांनी आवळायची. शिकवणारे सर सारखे ओरडायचे, "मॅडम, वरचा हात सैल सोडा." स्नेहलला मात्र दुसऱ्याच रविवारी जमलं. कशी अलगद उतरायची! सर म्हणाले, "हिला उपजतच येतं." मी जळले. हो, जळलेच. दोर माझ्या घरचा, माझ्या बाबांचा... आणि उपजत येतं हिला?

मग खरी गुहा. तलासरीहून झरीच्या अंगाला गेलं की पाड्यामागच्या टेकडीत ती आहे. तोंडाशी वाकून जावं लागतं, थोडं आत गेलं की जमीन संपते आणि खाली विहिरीसारखी घळ. सर आधी स्वतः उतरून सगळं बघून आले. खाली वटवाघळांशिवाय काही नव्हतं. वाट दाखवायला आलेले पाड्यावरचे काकाही म्हणाले, "खालून जायला वाट नाय. एवढंच भोक हाय."

मग आमच्यातलं पहिलं कोण? सरांनी स्नेहलला बोलावलं. मी काठाजवळ माझा सेफ्टीचा पट्टा अडकवून बसले होते. तिच्या दोरावर तळवा ठेवलेला, जुन्या सवयीने.

ती निम्म्यात गेली असेल. ग्लोव्हला चिखल लागला होता की काय, तिचा उजवा हात सुटला. हेल्मेटचा दिवा झपकन खाली गेला... आणि थांबला. खालचा मोकळा लोंबणारा दोर सरळ, ताठ झाला होता. खाली उभा असलेला माणूस दोर ओढून धरतो आणि वरच्याला थांबवतो, अगदी तसा. सर माझ्या शेजारी होते. खाली कुणीच नव्हतं.

आणि माझ्या तळव्याखाली दोन झटके आले. जरा थांबून एक लांब ओढ.

माझ्या अंगावर काटा आला. पण खरं सांगू? भीती वाटलीच नाही. राग आला. इतकी वर्षं मी वाट बघतेय, आणि बाबा आले ते हिच्यासाठी?

स्नेहल सावरली, खाली पोचली आणि ओरडली, "दोर मोकळा!" आता माझा नंबर. सरांनी माझी प्रत्येक कडी तपासली. निम्म्यात आल्यावर मी उजवा हात सोडला. सुटला नाही, सोडला. मला धरतात की नाही, तेवढंच बघायचं होतं.

झपकन खाली गेले. आणि मग हिसका बसून मी थांबले. डोळे मिटून झटक्यांची वाट बघत राहिले. ते आले नाहीत. खालून आवाज आला, "ताई, मी धरलंय. घाबरू नका." स्नेहल दोर कमरेमागून घेऊन, पाय रोवून, मागे रेलून उभी होती.

खाली टेकल्यावर मला रडूच फुटलं. तिला वाटलं मी घाबरले. माझी पाठ चोळत म्हणाली, "माझा हात सुटला ना, तेव्हा सरांनीच काहीतरी करून थांबवलं. पण ते झटके तुम्ही दिलेत ना वरून? तुमचा हात होता दोरावर. इतका धीर आला, ताई."

मी म्हटलं, "हो. मीच."

सर म्हणतात दोर कपारीत अडकला असेल. अडकलाही असेल. पण अडकलेला दोर दोन झटके देऊन, थांबून, पुन्हा ओढत नाही. मला याचा उलगडा झालेला नाही, होईल असंही वाटत नाही.

स्नेहल आता सगळ्यांना सांगते, ताईंनी वरून धीर दिला म्हणून मी वाचले. आई मान डोलावते, नितीन कौतुकाने माझ्याकडे बघतो. मी ते खोडून काढत नाही. खरं सांगितलं तर बाबा तिचे होतील... आणि तेवढं मोठं मन माझ्याकडे नाही.