सुवर्णाचे दोन सामने

सासऱ्यांचा फोन आला, तेव्हा मी ऑफिसात डबा उघडत होते. "सुवर्णा उठंना गं…" एवढंच म्हणाले. मी मांजरी गावातल्या घरी पोहोचले, तोवर माझी नणंद गेलेली होती. दुसऱ्या दिवशी चौकात फ्लेक्स लागला, 'कबड्डीपटू सुवर्णाताईंना भावपूर्ण श्रद्धांजली'. तिच्या फोटोपेक्षा नेत्यांचे फोटो मोठे. ती भारताकडून रग्बी खेळली होती. पण जिवंतपणी जिची चौकशी केली नाही, तिचा खेळ कोणता हे आता कोण विचारणार?

कबड्डी ती आधी खेळायची, हे खरं. तिची पकड पाहून कॉलेजातल्या सरांनी तिला रग्बीत ओढलं. तो लांबुळका चेंडू घरी आला, तेव्हा सासरे म्हणाले, "ह्यो कसला खेळ? चेंडूबी धड गोल नाय." सामना बघायला ते कधीच गेले नाहीत. भारतीय संघात निवड झाली, तेव्हा मात्र उसाच्या फडात जाऊन तोडणीवाल्यांनाही पेढे वाटून आले.

परदेशातला पहिला सामना ती पूर्ण खेळली. दुसऱ्यात समोरच्या मुलीचा गुडघा तिच्या डोक्यात बसला. आपण कुठे आहोत, हेच तिला कळेना. बाहेर घेतलं, पाणी पाजलं. "परत मैदानात उतरतेस, की दुसरीला पाठवू?" प्रशिक्षकांनी विचारलं. ती उतरली.

"वहिनी, नाही म्हटलं असतं तर पुन्हा बोलावलं असतं का त्यांनी?" असं मला नंतर म्हणाली. उतरूनही बोलावलं नाहीच… डोकेदुखी घेऊन परतलेल्या मुलीला पुढच्या शिबिरातून 'तंदुरुस्त नाही' म्हणून घरी पाठवलं. मी रग्बी संघटनेत फोन केला. "अहो, खेळ म्हटला की लागायचंच," असं उत्तर मिळालं. एवढं ज्ञान आम्हालाही होतं.

पुढे ती एका शाळेत मुलींना खेळ शिकवायची. घरी आली की मागच्या खोलीत अंधार करून बसायची. आडवं झालं की डोकं जास्त ठणकायचं, म्हणून भिंतीला टेकून, बसल्या बसल्याच झोपायची. मेंदूतल्या रक्तस्रावाने ती गेली. त्याचा त्या जुन्या माराशी संबंध होता का, हे डॉक्टरांनी खात्रीने सांगितलं नाही. मला खात्री आहे. पण माझ्या खात्रीला कोण विचारतो!

गेल्या आठवड्यात, आधीच ठरवलेला रंगारी आला. मागच्या खोलीत भिंतीवर तिच्या केसांच्या तेलाचा डाग आहे. "घासायला लागेल, नाहीतर रंगातून वर येईल," तो म्हणाला.

सासरे उठले. "ऱ्हाऊ दे तेवढी भिंत," म्हणाले, आणि त्या डागाखाली, तिच्या जागेवर जाऊन बसले. रंगाऱ्याने उरलेल्या तीन भिंती रंगवल्या.