बिनवासाची बाटली

पार्लरमध्ये नेलपॉलिशचा उग्र वास नाकात शिरला आणि मला एकदम ती बिनवासाची गुलाबी बाटली आठवली. नमाजाआधी हात धुताना पाणी नखांनाही लागावं लागतं, म्हणून शेजारच्या माझ्या मैत्रिणीनं कधी नखं रंगवली नव्हती. एकदा महाद्वार रोडला मला वॉटर बेस्ड, सोलून निघणारी नेलपॉलिश मिळाली आणि मी पळतच तिच्या घरी गेले. "नमाजाआधी निघाली न्हाय तर बघ," तिची आई, माझी चाची, भाकरी थापता थापता म्हणाली. चाचीचा आवाज असा, की गल्लीनं ऐकावं. दुपारचा नमाज झाल्यावर आम्ही माडीवर बसून रंगाचे दोन पातळ हात दिले. वाळेपर्यंत बोटं कशाला लागू द्यायची नव्हती, म्हणून तिला चहा मीच पाजला, वेणीही मीच घातली. ती सारखी बोटं पसरून उन्हात धरायची आणि हसायची. पुढची अजान झाली. तिनं कोमट पाण्यात बोटं बुडवली, नखाची कड उचलली, आणि लसणाचं साल निघावं तसा अख्खा रंग निघून आला. आम्ही दोघी किंचाळलोच. चाचीनं नमाज पढला, जानमाज, म्हणजे नमाजाची चटई, घडी करून ठेवली, आमच्याजवळ येऊन मांडी घातली आणि भाकरी थापून राठ झालेला हात पुढं केला. "लाव की. सांजच्या नमाजाला अजून येळ हाय." आजही संध्याकाळची अजान कानावर आली, की माझा अंगठा आपसूक नखाची कड चाचपतो.