पहिल्या पाण्यावरचं गाठोडं

“माणसं मोजून बांधू नगा. एक जास्त बांधा.”

धुरपदाबाईंचं हे बोलणं सगळ्या गावाला पाठ होतं. कुणी लग्नाला निघो, देवाला निघो, नाहीतर बाळंतिणीला सासरी पोचवायला निघो, सामान भरायची वेळ आली की त्यांना बोलावणं जायचं. त्या यायच्या, भिंतीला टेकून बसायच्या आणि आधी सगळा पसारा भुईवर मांडायला लावायच्या. मग नुसत्या बघत राहायच्या. घरची माणसं घायकुतीला यायची, बाहेर गाडीवाला हॉर्न वाजवायचा, पण त्यांचा हात हलायचा नाही. आणि एकदा हलला की बघता बघता भुई मोकळी व्हायची. जड ते तळाला, भिजू नये ते मध्ये, वाटेत लागेल ते वर. शेवटी तेवढं एक वाक्य. बाया हसत एखादा जादा टॉवेल कोंबायच्या, आणि तो टॉवेल हमखास कामाला यायचा. म्हणून ते बोलणं शहाणपणाचं आहे, असं गावाचं मत होतं. त्यांची सून पूनम हिचंही मत तेच होतं.

ही कला त्यांना मेंढरांमागं चालून आली. लग्न होऊन आल्या तेव्हा सासरला दगडामातीचं घर नव्हतंच. मेंढरांचा वाडा होता, आणि वाडा म्हणजे चालतं बिऱ्हाड. दिवाळी सरली की तो घाट उतरून कोकणात जायचा आणि पावसाच्या तोंडावर घोडनदीच्या काठाला परत यायचा. रोज पहाटे पुरुष मेंढरं घेऊन पुढं निघायचे आणि बाया अख्खा संसार घोड्यावर लादायच्या. तळाला पातेली, त्यावर मेंढरं कोंडायची जाळी, त्यावर वाकळा, कोंबड्या, रात्री जन्मलेली कोकरं, आणि सगळ्यांच्या वर आपापली लेकरं. एक गाठ ढिली पडली तर काय सांडेल याचा नेम नसायचा. धुरपदाबाईंची गाठ कधी ढिली पडली नाही.

पुढं मेंढरं विकली. इनामगावच्या शिवारात जमीन घेतली, विहीर लागली, ऊस उभा राहिला. नवरा गेला. मुलगा गोकुळ कंपनीत चिकटला. त्याला मेंढरू धरताही येत नव्हतं.

या दिवाळीत गोकुळला कंपनीकडून पाण्याच्या पार्कची तिकिटं मिळाली. दोन दिवस, राहण्यासकट. पूनम आणि सहा वर्षांची लेक अपेक्षा यांना तर आकाश ठेंगणं झालं. पूनमनं मोबाइलवर व्हिडिओ बघून बघून सामान जमवलं. पाण्यात चालतात ते नायलॉनचे कपडे, रबरी चपला, टोप्या, उन्हाचं मलम, मोबाइलला गळ्यात अडकवायचं प्लास्टिकचं पाकीट, ओल्या कपड्यांना जाड पिशवी, उलटीच्या गोळ्या, ओआरएस, चिवडा, आधार कार्डं. सगळं भुईवर मांडलं आणि सासूबाईंना म्हणाली, आत्या, आता तुम्ही बसा.

धुरपदाबाई बसल्या. प्लास्टिकचं पाकीट हातात घेऊन उलटसुलट पाहिलं, त्यात काय घालतात ते विचारलं, आणि फोन बुडवायला लोक एवढ्या लांब जातात याचं हसू येऊन गेलं त्यांना. गोकुळ म्हणाला, आई, तुझंबी तिकीट हाय, तू पाण्यात पाय सोडून बस. त्यांनी सहज विचारलं, कुठंशी आलं हे?

“घाट उतरला की. डोंगराच्या पायथ्याला, नदीच्या अंगाला.”

त्यांचा हात पिशवीत होता, तो तिथंच राहिला. बऱ्याच वेळानं त्यांनी तो बाहेर काढला. आपण येणार नाही म्हणाल्या. गुडघे दुखतात म्हणाल्या. सामान मात्र त्यांनीच भरलं, आणि उठून आत गेल्या त्या गाठोडं घेऊनच बाहेर आल्या.

ते गाठोडं पूनमच्या ओळखीचं होतं. घरातलं कुणीही मुक्कामाला बाहेर पडलं की आत्या ते बांधायच्या आणि स्वतः बरोबर येऊन वाटेत पाण्याच्या कडेला ठेवून यायच्या. कुणी विचारलं तर म्हणायच्या, आमच्या सासूची रीत. लोक नदीत नाणं टाकतात तसं काहीतरी असेल, असं पूनम समजत आली होती.

“पारगावच्या पुलापशी ठेव,” त्या म्हणाल्या. “पयलं मोठं पाणी त्येच. काठाला ठेवायचं आन् मागं बघायचं न्हाई.”

“ठेवते, आत्या.”

“इसरशील.”

“नाही विसरणार.”

आणि खरंच ती विसरली नाही. भीमेवरचा पारगावचा पूल आला तेव्हा गाठोडं तिच्या मांडीवरच होतं. पण पुढं उसाच्या दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर, मागं दुधाचा टेम्पो भोंगा वाजवत अंगावर आलेला. गोकुळ म्हणाला, इथं कुठं थांबू, येताना ठेव. पूनमनं गाठ जराशी सैल करून आत पाहिलं होतं. खणाचा कोरा परकर, पोलकं, लाल रिबिनीचा तुकडा, फडक्यात अर्धी भाकरी आणि गुळाचा खडा. एवढे छान कपडे पाण्याकाठी टाकायचे तिच्या जिवावर आलं. भीमा मागं पडली. खिडकीतून बघत अपेक्षा म्हणाली, आई, आपल्या गाडीमागं कुणीतरी पळतंय. पूनमनं वळून पाहिलं. दुधाच्या टेम्पोखेरीज कुणी नव्हतं.

पार्कच्या दारात पहारेकऱ्यानं पिशव्या तपासल्या. “खाने का अंदर नहीं जाएगा,” म्हणत त्यानं चिवडा काढला आणि ती अर्धी भाकरी आणि गूळही कचऱ्याच्या डब्यात टाकला. पलीकडं एक मुलगी मनगटाला कागदी पट्ट्या बांधत होती. अपेक्षाला बांधून झाल्यावर तिनं दुसरी लहान पट्टी काढली आणि हात पुढं करून थांबली. पूनम म्हणाली, आमची एकच आहे. ती मुलगी पूनमच्या मागं पाहत राहिली, मग सॉरी म्हणून तिनं पट्टी ठेवून दिली.

दिवस मात्र मजेत गेला. अपेक्षा घसरगुंड्यांवरून खिदळत उतरली, खोट्या लाटांमध्ये बापाच्या गळ्यात पडून ओरडली. उन्हं डोंगरामागं गेली तेव्हा पोर कुडकुडायला लागली आणि पूनम कोरडे कपडे काढायला गेली. गोकुळनं दुपारी ओले कपडे चुकून कोरड्यांच्याच पिशवीत भरले होते. सगळं चिंब. पोरीचे ओठ निळे पडलेले, दात वाजत होते. पूनमनं नवऱ्याला दोन शब्द सुनावले, आणि मग तिला गाठोडं आठवलं.

“आत्यांचं खरं झालं बघा,” ती म्हणाली. “एक जास्त होतं म्हणून.”

परकर अगदी माप घेऊन शिवल्यासारखा बसला. अपेक्षाचं कुडकुडणं त्याच क्षणी थांबलं. कोऱ्या कापडाला शेकोटीच्या धुराचा आणि मेंढरांचा वास होता. रिबीन बांधताना पोरीनं मान ताठ धरली, एरवी धरत नसे.

त्यानंतर ती बोललीच नाही. हॉटेलात गादी सोडून भुईवर मुटकुळं करून झोपली. सकाळी पाण्याजवळ गेली नाही. कुंपणाच्या जाळीला धरून डोंगराकडं बघत उभी राहिली आणि जिभेनं टाळूवर आवाज काढायला लागली, आधी टक् टक्, मग लांबवर थरथरत जाणारी हुर्र. गोकुळ हसून म्हणाला, हे कुणी शिकवलं गं? तिनं ऐकलं नाही. मेंढरांना घालायची ती हाक लहानपणी आपण बापाच्या तोंडून ऐकली होती, हे त्याला थोड्या वेळानं आठवलं. मग तो हसला नाही. दुपारीच त्यांनी गाडी काढली.

परतीच्या वाटेवर अपेक्षा सीटच्या अगदी टोकाला बसली, शेजारी कुणाला जागा करून दिल्यासारखी. पारगावच्या पुलाशी गोकुळनं आपणहून गाडी थांबवली. पूनमच्या हातात रिकामं फडकं होतं. ठेवायला काही उरलंच नव्हतं.

घरी आल्यावर पोर गाडीतून उतरली आणि ओट्यावर बसलेल्या धुरपदाबाईंकडं धावली.

“बय,” ती म्हणाली.

अपेक्षा आजीला आजी म्हणायची. आईला बय म्हणणारी लेकरं जुन्या वाड्यावर असायची. धुरपदाबाईंनी पोरीच्या परकराची कड बोटांत धरली, आपलाच टाका ओळखला, आणि सुनेकडं पाहिलं. रागावल्या नाहीत. तेच पूनमला जास्त लागलं.

त्या संध्याकाळी अपेक्षाला ताप भरला. डॉक्टरांनी औषध दिलं, रक्त तपासलं, काही निघालं नाही. सकाळी ताप उतरायचा, दिवेलागणीला चढायचा. पोर वाळत चालली. परकर अंगावरून काढू देईना. अपेक्षा म्हणून हाक मारली तर वळायची नाही. आणि एका दुपारी धुरपदाबाई चुलीपाशी बसल्या बसल्या हळूच म्हणाल्या, “सगुणे,” तशी पोर अंथरुणातून उठून त्यांच्याजवळ जाऊन बसली. दारात उभ्या पूनमनं ते पाहिलं.

मग धुरपदाबाईंनी सांगितलं. इतक्या वर्षांत गोकुळलाही सांगितलं नव्हतं. गोकुळच्या आधी त्यांना एक लेक होती, सगुणा. सहा वर्षांची. वाडा घाटाखाली नदीकाठाला उतरला होता, तिथं तिला तापानं नेलं. काठालाच पुरली. पण मेंढरांना तिथं चारा उरला नव्हता आणि वाडा कुणासाठी थांबत नाही. दुसऱ्या पहाटे धुरपदाबाईंनी रोजच्यासारखं घोडं लादलं आणि निघाल्या. पुढच्या मुक्कामाला कुणाच्यातरी ध्यानात आलं, घोड्यामागच्या फुफाट्यात बारीक पावलं उमटताहेत. अनवाणी. घोडं थांबलं की थांबतात. वाड्यावरची लेकरं आजारी पडायला लागली. तेव्हा सासू म्हणाली, तिचं गाठोडं कर, पहिल्या पाण्यावर ठेव, तिला तिथं बसव, आणि मागं बघू नको. तेव्हापासून दर प्रवासाला त्यांनी लेकीला पाण्याच्या अलीकडं बसवलं होतं. कपडे त्याच मापाचे शिवत आल्या. तिला तेवढेच येत होते.

पूनम म्हणाली, आत्या, चूक माझी झाली. पुन्हा बांधा, मी स्वतः जाऊन ठेवते.

“आता ती बसायची न्हाई. तिला अंगावर कापड मिळालं, शेजारी जागा मिळाली.” त्यांनी भुईवर हात ठेवला. “इथं ती शिकलेली माणसं खणायला आलती, ठाऊक हाय ना? घरांच्या भुईखाली मडकी निघाली. मडक्यांत लेकरं. त्या जुन्या बायांचं मेलेलं लेकरू घरातच ऱ्हायचं. त्यांस्नी सोडून जावं लागत नव्हतं.”

दुसऱ्या दिवशी गोकुळ पहिल्या पाळीला गेला आणि धुरपदाबाईंनी भुईवर सामान मांडलं. दोन वाकळा, भाकरी, गूळ, आपलं एक लुगडं, फणी. नेहमीसारख्या बघत बसल्या नाहीत, झरझर बांधलं. मग अपेक्षाजवळ जाऊन तिच्या केसांवरून हात फिरवला आणि म्हणाल्या, चल, मी येते संगं. पोरीनं मुकाट्यानं हात वर केले. त्यांनी परकर-पोलकं काढून घेतलं, गाठोड्यात नाही ठेवलं, आपल्या डाव्या हातावर टाकलं. पूनमनं पोरीला तिचा नेहमीचा फ्रॉक चढवला आणि कडेवर उचललं. अंग अजून भाजत होतं.

पूनम म्हणाली, हे येईपर्यंत थांबा, गाडीनं सोडतील. त्या म्हणाल्या, गोकुळ आला तर हाका मारंल, म्हणून तर आत्ता निघाले. आणि ओटा उतरता उतरता थांबून, मागं न बघता, त्यांनी सुनेला शेवटचं बजावलं.

“हाक मारू नगंस. मारलीस तर दोघी वळू.”

पूनमच्या घशात हाक आलेली होती. लग्न होऊन आली तेव्हा आईविना पोर म्हणून याच बाईनं तिला जवळ केलं होतं. पहिल्या दिवाळीला तिच्या डोक्याला तेल लावलं होतं. आता ती बाई दुखऱ्या गुडघ्यांनी, पाठीवर गाठोडं घेऊन, घाटापर्यंतच्या वाटेला लागली होती, आणि पूनमनं एक शब्द काढला असता तर ती थांबली असती. पूनमनं पोरीच्या खांद्यात तोंड दाबलं.

सकाळचं कोवळं ऊन होतं. दोन्ही बाजूंनी ऊस, मधून न्हावऱ्याकडं जाणारी पायवाट. धुरपदाबाई कधी नव्हे इतक्या हळू चालत होत्या. त्यांच्या डाव्या हातावर आता परकर दिसत नव्हता, आणि तो हात अंगापासून थोडा लांब, खाली, अर्धवट मिटलेला होता. एकदा त्या थांबल्या. मागं राहिलेल्यासाठी थांबतात तशा. मग पुन्हा निघाल्या, पावलं आखूड करून.

पूनमच्या गळ्याशी ओल लागली. अपेक्षाला घाम फुटला होता. अंग निवत चाललं होतं.

“आई, भूक लागली,” पोर म्हणाली.

पूनम वाटेकडं बघत होती. वाटेच्या वळणावर ऊस हलला, तो आधी खाली, माणसाच्या कमरेएवढ्या उंचीवर हलला, आणि मग वर. त्यानंतर पूनमला वाट रिकामीच दिसली. कडेवरची अपेक्षा मात्र अजून तिकडंच बघत होती, मान पुढं काढून, आणि लांब जाणाऱ्या कुणालातरी डोळ्यांनी पोचवत असावी तशी तिची नजर हळूहळू सरकत होती.