पडद्यावरच्या पोराची दृष्ट

खाऱ्या फुटाण्यांचा वास आला की अहमदपूरचं थिएटर आठवतं. अंतराळातल्या आमच्या लाडक्या सिनेमा-मालिकेचा नवा भाग लागला होता, नायकाच्या तरुणपणाचा. त्याचं पहिलं यान कसं असेल, यावर आम्ही मित्र महिनाभर भांडलो होतो. आईही सोबत आली होती. जुन्या भागात नायक मेला तेव्हा ती टीव्हीपुढं रडली होती. इथं तो कोवळा, हसत यानात चढला, तशी तिनं पडद्याकडं हात ओवाळून कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मी गोंधळून म्हणालो, "आई, पुढं मरतोय की त्यो!" "हाव, ठाव हाय मला. म्हणून दिष्ट काढायची न्हाई का?" आता आणखी एक भाग येतोय. मित्र पुन्हा यानावरून भांडतायत. मी आधी आईचं तिकीट काढतोय.