मिस्त्रींनी आपल्याच भिंतीला नावं ठेवली

बाबालाल मिस्त्रींनी ही हकीकत मला माझ्याच गच्चीवर सांगितली. गच्ची गळत होती, तिचा कोबा नव्यानं करायचं काम चाललं होतं. दुपारी जेवणाच्या सुट्टीत मी सहज विचारलं, "मिस्त्री, शुक्रवार पेठेतलं एवढं चांगलं घर का विकलं तुम्ही?"

त्यांनी हातातला भाकरीचा तुकडा खाली ठेवला. मग म्हणाले, "विकल्याचं काय न्हाय ओ सर. विकताना जे केलं, ते सांगायसारखं न्हाय." आणि तरीही त्यांनी सांगितलं.

मिस्त्री म्हणजे साठी ओलांडलेले गवंडी. पेठेत कुणी घर घ्यायला निघालं, की दुसरा त्याला हमखास विचारणार, "बाबालालला दावलं काय?" मग मिस्त्री जायचे. बोटाच्या पेरांनी भिंत वाजवून बघायचे, जिन्याखाली वाकायचे, छताचे कोपरे निरखायचे आणि निघताना एकच सांगायचे, "भिंतीचं मी सांगितलं. कागदाचं तुम्ही बगा. प्रॉपर्टी कार्डावर कुणाकुणाची नावं हाईत, ते आधी काढा." किती जणांना त्यांनी हे सांगितलं असेल, याला मोजदाद नाही.

त्यांचं स्वतःचं घर अरुंद होतं. खाली एक खोली, वर स्वयंपाकघर, मध्ये उभा चढा जिना. सुट्टीच्या दिवशी थोडं थोडं करत ते त्यांनी स्वतः बांधलं होतं. हाताखाली माणूस लावायची ऐपत नव्हती, म्हणून विटा आणि माल त्यांची बायको सलिमाबी डोक्यावरून वाहायची. मुलगी नुजहत तेव्हा पोटात होती. दोन हजार एकोणीसच्या महापुरात घरात कमरेएवढं पाणी आठवडाभर उभं राहिलं. पाणी ओसरल्यावर शेजारच्या दोन घरांना चिरा गेलेल्या दिसल्या. मिस्त्रींच्या भिंतीला केसाएवढीही चीर नव्हती. हे ते येईल त्या पावण्याला भिंतीवर हात ठेवून दाखवायचे.

पण सलिमाबींचे गुडघे गेले. दिवसातून दहा वेळा जिना चढणं होईना. डॉक्टरांनी सांगितलं, खाली सगळं असेल असं घर बघा. म्हणून मिस्त्रींनी घर विकायला काढलं आणि कळंब्याकडं विजयसिंह नावाच्या माणसाचं बैठं घर पसंत केलं. दोन खोल्या, मागं न्हाणीघर, पुढं चार झाडं लावण्याइतकी जागा. मिस्त्रींनी भिंती वाजवल्या. विजयसिंह म्हणाला, "आता मी काय सांगू? घर तुमच्याएवढं कुणाला कळतंय?"

मिस्त्री त्या एका वाक्यावर खूश झाले. कार्डाचा विषय निघाला, तेव्हा विजयसिंह म्हणाला, "वडलांच्या माघारी नाव लागायचंय, महिन्यात लागतंय." मिस्त्रींनी मान डोलावली आणि संचकार देऊन, म्हणजे आगाऊ रक्कम देऊन, व्यवहार पक्का केला. मला हे सांगताना ते खाली बघत होते. "दुसऱ्याला जे सांगत फिरलो, ते सोत्ता केलं न्हाय," एवढंच म्हणाले.

इकडं त्यांच्या घराला गिऱ्हाईक चांगलं मिळालं. संयोगिता नावाची मुलगी, खाजगी दवाखान्यात नर्स. मूळची नेसरीची. आई धोंडुबाईला घेऊन पलीकडच्या गल्लीत भाड्यानं राहायची. स्वतःच्या कमाईवर घर घेणारी तिच्या घराण्यातली ती पहिलीच. ती मिस्त्रींना मामा म्हणायची. तिनंही संचकार दिला, खरेदीची तारीख ठरली, आणि तिनं आपल्या घरमालकाला खोली सोडत असल्याचं सांगून टाकलं.

मिस्त्रींनी पेठेत पेढे वाटले. चहाच्या गाड्यावर रोज कळंब्याच्या घराचं वर्णन व्हायचं. सलिमाबींनी वरच्या स्वयंपाकघरातली मांडणी शेजारणीला देऊन टाकली. गारगोटीहून नुजहत येऊन नवं घर बाहेरून बघून गेली आणि कुठं काय लावायचं ते सांगून गेली.

खरेदीला महिना उरला असताना विजयसिंहाचा फोन आला. "मिस्त्री, जरा येऊन जावा."

ते गेले, तर ओसरीवर एक बाई बसलेल्या. विजयसिंहाची थोरली बहीण बयाबाई, आजऱ्याला दिलेली. त्यांनी मिस्त्रींना पाणी दिलं आणि मग शांतपणे सांगितलं, "दादा, वडलांच्या मागं ह्या घराला माजं बी नाव लागतंय. मला कुणी इचारलं न्हाय. मालक गेल्यापासनं सासरी माजं कोण न्हाय. मी हितंच ऱ्हायाला येनार. सही करनार न्हाय मी."

विजयसिंह मान खाली घालून उभा होता. मिस्त्रींना भांडायला काही सापडेना. बाईचं खरं होतं. घेतलेली रक्कम विजयसिंहानं तिथल्या तिथं परत केली. बसमध्ये मिस्त्रींना राहून राहून वाटत होतं, कार्ड मागून वारस कोण कोण, हे आपण पहिल्याच दिवशी विचारलं असतं तर बयाबाईंचं नाव पंधरा मिनिटांत कळलं असतं.

घरी येऊन त्यांनी फक्त सलिमाबींना सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्या पोरीला जाऊन सांगा. दोन महिनं मागून घ्या. न्हायतर आपून भाड्यानं बगू, त्यात काय?"

"भाड्यानं?" मिस्त्री एकदम ओरडले. "सगळ्या पेठंला घरं बगून देनारा मी, आन् मीच फसलो म्हनून सांगू? ह्या वयात भाड्याच्या खोलीत जाऊ? तोंड कसं दावू गं?"

ते कुणालाच बोलले नाहीत. चहाच्या गाड्यावर विचारलं, तर "रंग चाललाय" म्हणायचे. नुजहतचा फोन आला, की सलिमाबींच्या हातात द्यायचे. दुसरं घर शोधायला म्हणून दोन-तीन ठिकाणी गेलेही, पण ओळखीचं कुणी दिसलं की माघारी फिरायचे.

एका संध्याकाळी संयोगिता टेप घेऊन आली. आईची कॉट मागच्या भिंतीला बसते का, ते तिला मोजायचं होतं. सलिमाबी बाजारात गेल्या होत्या. टेपचं एक टोक मिस्त्रींच्या हातात देऊन ती म्हणाली, "मामा, आईला हितं झोपवायची. भिंत गार हाय, उन्हाळ्यात बरं वाटंल तिला."

मिस्त्री मला म्हणाले, "सर, ती आली तवा असं काय बोलायचं मनात नव्हतं. तोंडातनं कसं आलं, ते अजून कळत न्हाय."

ते म्हणाले, "ताई, हितं नको झोपवू आईला."

"का?"

"ही भिंत... महापुरानं पाया बसलाय हिचा. वरनं दिसत न्हाय. पर मी गवंडी हाय, मला कळतंय. आज ना उद्या धोका हाय."

संयोगिता भिंतीकडं बघत राहिली. तिनं टेप गुंडाळली. मिस्त्रींना वाटलं, आता ही चिडेल, आधी का सांगितलं नाही म्हणेल. पण ती खाली वाकून त्यांच्या पाया पडली. "मामा, दुसरा असता तर घर गळ्यात मारून मोकळा झाला असता. तुम्ही माझ्या आईचा जीव वाचवला."

दोन दिवसांनी तिनं व्यवहार मोडला. मिस्त्रींनी तिची रक्कम परत केली. सलिमाबींना त्यांनी सांगितलं, "पोरीचं कर्जाचं जमलं न्हाय." घर वाचलं होतं, आणि कुणापुढं मान खाली घालायचं कारण उरलं नव्हतं.

पण संयोगिता गप्प बसणारी नव्हती. तिला मिस्त्रींचं इतकं कौतुक वाटलं होतं, की ती भेटेल त्याला सांगत सुटली. चहाच्या गाड्यावर गाडेवाल्या पिराजीनं मिस्त्रींच्या खांद्यावर हात ठेवला. "मिस्त्री, सोत्ताचं नुसकान करून खरं बोलनारी मानसं आता ऱ्हायली न्हाईत." त्यानं त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. मिस्त्री अर्धा कप तसाच ठेवून निघाले आणि त्यानंतर त्या गाड्यावर जायचे बंद झाले. कामावरून येताना ते मागच्या बोळातून यायला लागले.

आणि मग एका सकाळी धोंडुबाई दारात आल्या. हातात घनसाळ तांदळाची पिशवी. मिस्त्री आत दाढी करत होते. म्हातारी सलिमाबींना म्हणत होती, "बाई, तुज्या मालकानं सांगितलं म्हनून, न्हायतर त्या बसलेल्या भितीखाली मी झोपलो असतो. खोली सोडायची तारीक आली, आनी दुसरी मिळंना, पन जीव तर ऱ्हायला!"

सलिमाबींनी तांदूळ घेतला, चहा करून दिला, म्हातारीला उंबऱ्यापर्यंत पोचवलं. मग आत येऊन त्या मागच्या भिंतीपाशी उभ्या राहिल्या.

"ही भीत बसलीया?"

मिस्त्रींनी वस्तरा खाली ठेवला. अर्ध्या गालाला साबण तसाच होता.

"ह्या भितीची एकेक ईट माझ्या डोक्यावरनं आलीया. आठवा म्हयना होता मला. म्हापुरात सुदिक हिनं आपल्याला खाली बघायला लावलं न्हाय. आन् तुमी हिला खोटं पाडलं?" त्यांचा आवाज चढला नाही. "ती म्हातारी उन्हातान्हाची खोल्या धुंडत फिरतीया. तिचा तांदूळ मी कोणच्या तोंडानं शिजवू?"

दिवसभर त्या त्यांच्याशी बोलल्या नाहीत. पिशवी कोपऱ्यात तशीच होती.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री संयोगिताच्या खोलीवर गेले. निम्मं सामान बांधून ठेवलेलं होतं. धोंडुबाईंनी लगबगीनं पाट मांडला. मिस्त्री बसले नाहीत. उभ्यानंच सांगितलं. बयाबाईंचं, कार्डाचं, भिंतीचं, सगळं.

संयोगिताला आधी समजलंच नाही. "म्हणजे भिंत चांगली हाय?"

"व्हय."

"मग तुम्ही... का?"

"मला जायला घर नव्हतं. आन् ते सांगायची लाज वाटली."

ती बांधलेल्या सामानावर बसली. मग म्हणाली, "मामा, नुसतं सांगितलं असतं तर थांबले असते की मी. ह्या मालकाच्या हातापाया पडून दोन महिनं काढले असते. मी सगळ्या दवाखान्यात तुमचं नाव घेतलं. तुमच्या पाया पडले मी."

मिस्त्री म्हणाले, "घर तुलाच द्यायचं हाय. ठरल्या किमतीला. तारीख तू सांग."

"आता तुमच्या सांगण्यावर कसं घेऊ?" ती म्हणाली. "दुसरा गवंडी आणते. तो बघंल."

तिनं आणला, तो सयाजी. दवाखान्यातल्या कुणीतरी नंबर दिला होता, तिला बाकी काही ठाऊक नव्हतं. सयाजी दहा वर्षं मिस्त्रींच्या हाताखाली शिकलेला, आता स्वतःची कामं घेणारा. दारात मिस्त्रींना बघून तो गोंधळला. "मिस्त्री, तुमच्या घरात मी काय बगू?"

"बग," मिस्त्री म्हणाले. "मागच्या भितीचा पाया उकरून बग. मी लबाड बोललोय, म्हनून तुला बोलावलंय."

सयाजीनं मागच्या बाजूला दोन फूट खणलं. मिस्त्री बाजूला उभे होते. आयुष्यभर ते दुसऱ्यांच्या भिंती तपासत आले होते. त्या दिवशी त्यांच्या भिंतीची तपासणी त्यांचाच शिष्य करत होता, आणि मदतीला खोरं धरायचाही त्यांना धीर होईना. सयाजी हात झटकत वर आला. "मॅडम, घडीव दगडाचा पाया हाय. असा आता कोण घालत न्हाय. डोळं झाकून घ्या."

दारात सलिमाबींनी पदर डोळ्याला लावला. मिस्त्रींना मात्र त्या कौतुकानं बरं वाटलं नाही.

खरेदी झाली. त्या दिवशीच कुणीतरी संयोगिताला गाठून म्हणालं, बसलेल्या पायाचं घर का घेतलंस? तिनं "बघून घेतलंय" एवढंच सांगितलं, मिस्त्रींचं नाव काढलं नाही. ते मिस्त्रींच्या कानावर आलं, तसे ते दुपारी, गर्दीच्या वेळी, पिराजीच्या गाड्यावर गेले आणि सगळ्यांदेखत म्हणाले, "पाया बसल्याचं मी खोटं सांगितलंतं. माजं घराचं फिसकटलं, म्हनून." कुणी हसलं नाही. पिराजीनं चहा पुढं केला आणि मिस्त्रींनी पैसे देऊन तो प्याला. घर सोडण्यापेक्षा तो चहा अवघड गेला, असं ते मला म्हणाले.

नवरा-बायको फुलेवाडीत खालच्या मजल्यावर दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहिले. सलिमाबींना जिना नाही, एवढं सुख. विकत घ्यायचं घर अजून मिळालेलं नाही. घाई करायची नाही, असं सलिमाबींनी बजावलंय. पेठेतली माणसं भेटली तर नीट बोलतात. घर बघायला मात्र पहिल्यासारखी बोलावणी येत नाहीत, आणि मिस्त्रींची त्याबद्दल तक्रार नाही.

संयोगिता दिसली, की ते रस्ता बदलायचे. वर्षभर असं चाललं. मग कपिलतीर्थच्या भाजी मंडईत तिनं त्यांना समोरून गाठलं. हातात मेथीच्या पेंड्या होत्या. "मामा, न्हाणीघरातल्या चार फरशा सुटल्यात. पाणी मुरायला लागलंय. कधी येताय?"

"उद्या येतो की," मिस्त्री म्हणाले.

ते गेले. दिवसभर खाली बसून फरशा बसवल्या, सांधे भरले, उतार नीट करून दिला. धोंडुबाईंनी जेवायला वाढलं. मागच्या भिंतीला लागून त्यांची कॉट होती. मिस्त्रींनी तिकडं पाठ करून जेवण उरकलं. जुन्या गोष्टीचा कुणी शब्द काढला नाही.

निघताना संयोगितानं मजुरी पुढं केली. नको म्हणायचं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण नको म्हटलं, तर ती का म्हणून विचारणार, आणि मग ते सगळं पुन्हा बोलावं लागणार. त्यांनी पैसे घेऊन खिशात ठेवले, थापी-ओळंबा पिशवीत भरला, आणि म्हणाले, "दोन दिस पानी टाकू नको त्याच्यावर."

"बरं मामा," ती म्हणाली.